लॉट सातचा घेवडा

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये असताना लिफ्टवाल्या काकांनी, आज ऊन जरा जास्तच आहे म्हणावं इतक्या सहजपणे विचारलं, "भाऊ, लहान पोराला किती दाणे द्यायचे हो?" आणि त्याच्या पोटातलं काहीतरी एक मजला खाली राहिलं. लिफ्ट वर चालली होती, तो वर चालला होता, हातातला जेवणाचा डबाही वर चालला होता. ते जे काही होतं ते मात्र दुसऱ्या मजल्यावरच उतरलं होतं. "कसले दाणे?" त्याने विचारलं. माणसाला सगळं कळलेलं असतं तेव्हाच तो असं विचारतो. "तुमचेच की. औषधाचे." काकांनी बटणांवरून फडकं फिरवलं. "काल दुपारी एक बाई शिरल्या इमारतीत. रक्तपेढी शोधत होत्या, चुकून इकडे आल्या. मुलगी आहे सात-आठ वर्षांची, समोरच्या हॉस्पिटलात, ब्लड कॅन्सर. रडत नव्हत्या हो. रडल्या असत्या तर मी नुसतं पाणी दिलं असतं. तुम्ही दिलेली पिशवी पडून होती माझ्याकडे, आमच्या हिला घेवडा बाधतो. म्हटलं, घ्या." "आणि काय सांगितलंत?" "तुम्ही सांगता तेच. ह्याने त्या पेशी मरतात म्हणून. त्या म्हणाल्या, किती द्यायचे? म्हटलं, साहेबांना विचारून सांगतो." चौथा मजला आला. काकांनी दार उघडलं, आणि मोठ्या जबाबदारीने विचारलं, "मग किती सांगू?"

"खाली घ्या," तो म्हणाला.

"डबा तरी ठेवून या."

"काका, खाली घ्या."

तो मुळात सुखी माणूस होता. ही गोष्ट तो कोणाला सांगत नसे, कारण सांगितली की लोक कारण विचारतात, आणि त्याचं कारण घेवडा हे होतं. गेली अकरा वर्षं तो लाल घेवडा वाटत होता. संशोधन संस्थेच्या नेमणुकीच्या पत्रावर 'तांत्रिक सहायक' असं लिहिलेलं होतं. सासरे मात्र पाहुण्यांना "जावई वाटण्याच्या खात्यात आहेत" असं सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घेवडा भिजवायचा, सालं काढायची, मिठाच्या गार पाण्यात वाटायचा, फडक्यातून गाळायचा. मग ते दुधाळ पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, तळाचा चोथा फेकायचा आणि वरच्या नितळ पाण्यात चिमटीचिमटीने एक क्षार घालत बसायचं. घालत बसायचं म्हणजे खरोखर बसायचं; कोल्ड रूममध्ये, स्वेटर घालून, बाहेर लोक पंख्याखाली घाम पुसत असताना. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका चिमटीला पाण्यात ढग उतरतो. त्या ढगात प्रथिन. अकरा वर्षांत तो ढग त्याने कितीदा पाहिला असेल, पण दर वेळी त्याला तो पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटे आणि तो मनातल्या मनात "या, या" म्हणे. ढगाचं पुढे काचेच्या नळीतून गाळण, धुणं, वाळवणं, आणि शेवटी दोन किलो घेवड्यातून करंगळीच्या नखावर मावेल एवढी पांढरी भुकटी. ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे जायची. मॅडम ती बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकायच्या. पेशींच्या अंगावर साखरेची बारीक लव असते. रक्ताच्या कर्करोगाने बिघडलेल्या पेशीची लव जराशी वेगळ्या वळणाची, आणि घेवड्याच्या प्रथिनाला नेमकं ते वळण ओळखता येतं. ते चिकटतं, बिघडलेल्या पेशी एकमेकींना धरून गोळा होतात आणि मरतात. चांगल्या पेशींना त्रास कमी होतो. कमी; अजिबात नाही असं नाही. त्या 'कमी'वर मॅडमनी चार वर्षं घालवली होती, आणखी दहा जातील असं त्या आनंदाने सांगत. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला भिंगातून बशी दाखवली होती. डावीकडे गोळे होऊन पडलेल्या, उजवीकडे निवांत पसरलेल्या. "बघू या," मॅडम म्हणाल्या होत्या. ह्याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. त्या आनंदात तो जिन्याने न जाता लिफ्टने खाली उतरला होता आणि चार मजल्यांत त्याने काकांना सगळं सांगून टाकलं होतं. दहा वर्षांचा भाग पहिल्या मजल्यापर्यंत यायचा होता, पण तेवढ्यात तळमजला आला.

आता तळमजला पुन्हा आला आणि तो डब्यासकट रस्त्यावर होता. पिशवीचं त्याला आठवत होतं. पिशवी हा तर त्याचा स्वतःचा शोध. घेवडा पाच किलोच्या पोत्यात येई, वाटणाला दोन किलो लागे, आणि उरलेला पुढच्या वाटणाला चालत नसे, कारण दर वाटणाला नवं पोतं, म्हणजे नवा लॉट, लागे, आणि एका लॉटमध्ये दुसरा मिसळला की मॅडमचं जेवण जात नसे. मग तीन किलो धडधाकट घेवडा फेकायचा? तो वाटायचा, म्हणजे आता दुसऱ्या अर्थाने. लिफ्टवाले काका, झाडूवाल्या मावशी, ग्रंथालयातले दोघे, हिशेबखात्यातली ती शिंकणारी बाई, सगळ्यांना अर्धा-अर्धा किलो. पण कोल्ड रूमचा नियम होता: चिठ्ठीशिवाय एकही पिशवी दाराबाहेर जाणार नाही. नियम त्यानेच लिहून दारावर लावला होता, खाली सहीसुद्धा त्याचीच. त्यामुळे घरी भाजीला चाललेल्या घेवड्यावरही तो संस्थेची छापील चिठ्ठी चिकटवी: लॉट ७, केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. अर्धी संस्था दर रविवारी मानवी वापरासाठी नसलेला घेवडा खाऊन दुपारी झोपत असे. तोंडी तो प्रत्येकाला बजावे, नीट उकळा हं, खळखळून. पण बजावणं पिशवीला चिकटत नाही. पिशवी हातोहात पुढे गेली ती एकटी, संस्थेचं नाव, लॉट आणि ती जालीम ओळ घेऊन. एखाद्या आईने ते वाचलं तर तिला काय वाटेल? त्याला जे वाटलं असतं तेच. की हे इतकं भारी आहे की लिहूनसुद्धा देत नाहीत.

आणि कच्चा घेवडा. बशीला पोट नसतं, हा सगळा घोटाळा होता. हेच प्रथिन पोटात कच्चं गेलं की तिथल्या पेशींची लवही त्याला आवडते. चार-पाच भिजवलेल्या दाण्यांत चांगला दणकट माणूस ओकून ओकून चपटा होतो. आणि इथे सात वर्षांचं पोर, औषधांनी तोंड आलेलं, रक्त पातळ झालेलं. सिग्नल लाल होता. तो पाळायचा की नाही ह्याचा त्याने विचार केला आणि पाळला, कारण रस्त्यात मेलेल्या माणसाला दाणे परत मागता येत नाहीत. समोर हॉस्पिटलच्या काचा चमकत होत्या आणि त्याला तोंडात हिरवी चव आली. गव्हांकुराची. त्याने ती एकदाच घेतली होती, बत्तीस वर्षांपूर्वी, पण चवीला तारखा कळत नाहीत. तोही तेव्हा सातच वर्षांचा होता आणि असल्याच एका वॉर्डात सहा महिने पडून होता. खिडकीशी तिसरी खाट, छताला एक डाग, डागाचा आकार कधी ससा तर कधी मोठे काका. वरून पिवळी बाटली थेंबथेंब हातात उतरायची. आई मात्र रोज दुपारी दोन बस बदलून एका रसवाल्याकडून गव्हांकुराचा रस आणायची, पितळी झाकणाच्या भांड्यात, पदराखाली, डॉक्टरांना दिसू नये म्हणून. पहिल्या दिवशी तो प्यायला. दुसऱ्या दिवसापासून ती भांडं ठेवून डॉक्टरांना काही विचारायला गेली की तो सलाइनचा खांब ओढत बेसिनपर्यंत जाई आणि रस बेसिनला पाजे. वॉर्डातल्या त्या बेसिनला पाच महिने गव्हांकुराचा रस मिळाला. ते आजही ठणठणीत असेल.

तो बरा झाला. आईच्या लेखी रसाने झाला. डॉक्टरांचे तिने आभार मानले, पण रसवाल्याच्या पाया पडली, आणि त्यालाही पाडलं. रसवाल्याने त्याचा फोटो मागून घेतला. चौकट करून दुकानात लावला, खाली लिहिलं, 'आमच्या रसाने बरा झालेला मुलगा.' पुढे तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालं तरी फोटो होता. नवा मालक म्हणे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. तो कॉलेजात असताना एकदा फोन दुरुस्त करायला गेला आणि बराच वेळ स्वतःसमोर उभा राहिला. वडिलांना त्याने बेसिनचं सांगितलं होतं. वडील हसले नव्हते. म्हणाले, "मला माहीत होतं. त्या बेसिनला हिरवा डाग पडला होता. अरे, डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तुम्ही नुसत्या बसून राहा. तिला काय येतं नुसतं बसायला?" मग दोघांनी मिळून ते आईपासून लपवलं, आणि ती आजवर सुखी होती, तोही सुखी होता, फक्त अधूनमधून, दात घासताना वगैरे, त्याच्या मनात यायचं की त्या फोटोकडे बघून किती आया दोन बस बदलत राहिल्या असतील. त्यातल्या किती पोरांना बेसिनपर्यंत चालवत होतं, आणि बाटली नको, रसच पुरे, असं त्यांतल्या कोणी ठरवलं असेल का? हा हिशोब त्याने कधी पुरा केला नव्हता. तो तोंड धुऊन टाकत असे.

सिग्नल हिरवा झाला. मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी एका टेबलावर कागदी टोप्या आणि मास्क ठेवले होते. त्याने सवयीने टोपी कानांपर्यंत ओढली, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. सिस्टरने वहीतून मान वर केली. "कोणाचे तुम्ही?"

"कोणाचाच नाही. एका बाईंकडे माझा घेवडा आहे."

सिस्टर सकाळपासून उभी होती हे तिच्या बघण्यावरून कळत होतं. "इथे सतरा आया आहेत," ती म्हणाली. "एकीच्या पोराला सुई लागत नाहीये, दोघींची पोरं जेवत नाहीयेत. आणि तुम्ही घेवडा मागायला आलात?"

"त्या काल रक्तपेढी शोधत होत्या."

"सगळ्याच शोधतात." पण तिने त्याच्या डब्याकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला काय दिसलं कोण जाणे, तिने पेनाने कॉरिडॉरच्या टोकाकडे दाखवलं. "पालकांच्या स्वयंपाकघरात बघा. आणि टोपी काढायची नाही."

स्वयंपाकघर म्हणजे दोन शेगड्या, एक नळ, आणि भिंतीवर 'आपली भांडी आपण' अशी पाटी. ओट्यावर त्याची पिशवी होती. अर्धी रिकामी. चिठ्ठी जशीच्या तशी, स्वतःच्या अक्षरातला सात त्याला लांबूनही ओळखता आला, आणि दुसऱ्या मजल्यावर उतरलेलं ते जे काही होतं ते आता धावत जिना चढून परत आलं. शेगडीशी एक बाई पाठमोरी उभी होती, केस दोरीसारखे पिळून बांधलेले, एक हात कमरेवर. तो काही बोलणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. अशी खणखणीत शिट्टी त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. "किती झाल्या?" त्याने विचारलं. ओळख ना पाळख. बाईने वळून पाहिलं आणि कुकरजवळ उभ्या असलेल्या कोणीही दिलं असतं तसं उत्तर दिलं, "चार. अजून दोन करणार."

"ह्यात घेवडा आहे?"

"हो. का?"

"कालचाही असाच दिलात? शिजवून?"

"मग काय कच्चा देईन पोराला?" बाई म्हणाली. "तुम्ही कोण?"

तो ओट्याला टेकला. अकरा वर्षं, एवढी यंत्रं, कोल्ड रूम, मॅडमच्या परदेशवाऱ्या, आणि ह्या सगळ्यातून तयार झालेली ती भीती एका बाईने साध्या सवयीने कुकरमध्ये घालून टाकली होती. पहिल्या शिट्टीलाच ते प्रथिन मोडून पडलं असणार, चौथ्यापर्यंत तर त्याचं नावही उरलं नसेल. आत होता तो नुसता घेवडा. मऊ. "मी तो घेवडेवाला," तो म्हणाला. "समोरच्या संस्थेतला. लिफ्टवाल्या काकांनी दिलेली पिशवी माझी."

बाईने लगेच हात पुसले. तिच्या डोळ्यांत जे आलं ते त्याने ओळखलं, आणि ते येऊ नये असं त्याला फार वाटत होतं. "बरं झालं बाई, तुम्ही स्वतः आलात. मी दहाच दाणे दिले काल. वर लिहिलंय ना, मानवी वापरासाठी नाही, म्हणून आधी मी वाटीभर खाल्ले आणि दोन तास बसून राहिले, मला काही होतंय का बघत. काही झालं नाही. मग तिला दिले, मीठ घालून. वीस दिवसांत पहिल्यांदा 'अजून' म्हणाली हो. अजून! इतके दिवस नुसतं पाणीसुद्धा नको म्हणायची." आणि मग तिने आवाज खाली आणला, दाराकडे पाहिलं. "फक्त मला खरं सांगा. उकडल्यावर गुण राहतो का त्यात? नाहीतर कच्चेच वाटून देते. मधातून."

पाचवी शिट्टी झाली. त्याला ती फार लांबून ऐकू आली. 'हो, राहतो' असं म्हणायला एक श्वास पुरला असता. बाई शिजवत राहिली असती, पोर 'अजून' म्हणत राहिलं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि पोर बरं झालं तर पुढल्या महिन्यात लिफ्टच्या दाराशी रांग लागली असती. त्यातली एखादी कुकर न आणणारी निघाली असती. 'नाही' म्हणावं तर ही आजच वाटायला बसेल. खरं बोललं तरी कच्चा घेवडा आणि खोटं बोललं तरी शेवटी कच्चाच घेवडा, अशी ही मधली जागा होती, आणि तिथे तो कागदी टोपी घालून उभा होता. गंमत म्हणजे त्याला भीती वाटत नव्हती. फार वर्षं चावीने न उघडलेलं कुलूप एकदाचं उघडून बघावं तसं वाटत होतं. "बसा," तो म्हणाला, आणि तिथे बसायला काही नव्हतं म्हणून दोघं उभेच राहिले.

"उकडल्यावर काही राहत नाही," त्याने सांगितलं. "आणि कच्चा दिलात तर तिला उलट्या होतील, रक्ताच्या होतील, आणि सध्या तिला त्या थांबवता येणार नाहीत. आमच्याकडे पेशी मरतात त्या बशीत. बशीला पोट नसतं, तोंड नसतं, आई नसते. आमची भुकटी औषध व्हायला दहा वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही. मी लिफ्टमध्ये बोललो ती माझी चूक आहे."

बाईने हे सगळं ऐकलं आणि न हलता म्हणाली, "तिला दर आठवड्याला इंजेक्शन देतात ते सदाफुलीचं आहे. सिस्टर म्हणाल्या. आमच्या दारात सदाफुली आहे, कोणी वळून बघत नाही तिच्याकडे. सदाफुलीचं चालतं, मग घेवड्याचं का नाही?"

बिनतोड होतं. मॅडमनी निधी मागताना नेमकं हेच लिहिलं होतं, चौदा पानं घेऊन. "चालेल," तो म्हणाला. "पण सिस्टर तिला फुलं चावायला देतात का? कोणीतरी वर्षानुवर्षं ती वाटली, गाळली, अर्धी फेकून दिली, किती द्यायचं, कधी थांबायचं ते शिकलं, तेव्हा त्या इंजेक्शनमध्ये एक थेंब आला. घेवड्याचा अजून गाळूनसुद्धा झालेला नाही. मी गाळतोय. मीच गाळणारा आहे, म्हणून सांगतो."

"तुम्हाला बोलायला काय जातं," बाई म्हणाली. रागाने नाही, दमून. "तुम्हाला घरी जायचंय संध्याकाळी. ते सांगतात, बाटली चाललीय, तुम्ही धीर धरा. धीर काय धरायचा असतो? हातात काहीतरी असायला नको का?"

"मलाही होता," तो म्हणाला.

"काय?"

"हाच. हिच्याएवढाच होतो. माझी आईही असंच काहीतरी आणायची, लपवून. मी ते ओतून द्यायचो. मी बरा झालो तो बाटलीने झालो, नुसत्या बाटलीने. हे मी बत्तीस वर्षांत वडिलांखेरीज कोणाला सांगितलेलं नाही." आणि एवढं मोठं बोलल्यावर स्वयंपाकघरात एकाएकी फार उकडायला लागलं म्हणून त्याने मास्क खाली ओढला आणि टोपी काढली.

बाईने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. ते डोकं गुळगुळीत होतं. कानांवर दोन चुकार झुबके सोडले तर वॉर्डातल्या कुठल्याही खाटेवर शोभावं असं. बाईच्या चेहऱ्यावर दया आणि संशय एकदमच आले आणि कोणी आधी जायचं ह्यावरून तिथेच अडकले. "कधी... बरे झालात म्हणता?" तिने जपून विचारलं.

"बत्तीस वर्षं झाली."

"आणि केस?"

"ते वेगळं," तो घाईने म्हणाला. "ते वडिलांवर गेले."

"मग परत आलेच नाहीत तुमचे केस?" हा तिसरा आवाज दाराकडून आला. मास्क, त्यावर दोन मोठे डोळे, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल, हातात रिकामी वाटी. मुलगी घेवड्यासाठी आली होती आणि तिने ऐकू नये ते नेमकं ऐकलं होतं. बाई वळली, पुन्हा त्याच्याकडे वळली, आणि त्याला कळलं की ह्या क्षणी सगळं विज्ञान, सदाफुलीपासून सेंट्रिफ्यूजपर्यंत, त्याच्या टकलावर येऊन घसरतंय. "आले होते!" तो म्हणाला. "खूप आले होते. दाट. मास्तर ओढायचे." कोणी विश्वास ठेवला नाही. त्याने स्वतःही ठेवला नसता. त्याने खिसे चाचपले, डबा ओट्यावर ठेवला, आणि शर्टाच्या आतून गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र बाहेर काढलं. संस्थेने अकरा वर्षांत ते बदललं नव्हतं. फाटक्या प्लास्टिकच्या मागे अठ्ठावीस वर्षांचा तो होता आणि त्याच्या डोक्यावर केसांचं असं काही जंगल होतं की फोटोवाल्याला चौकट अपुरी पडली होती, वरचे कापले गेले होते.

बाईने ओळखपत्र हातात घेतलं. फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, उलटून तारीख पाहिली, परत फोटोकडे पाहिलं. "हे तुम्ही?" ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यातून काहीतरी सुटलं, आणि ती हसायला लागली. थांबेना. हात तोंडावर धरून, ओट्याला धरून हसत राहिली. "अगं बघ, बघ ह्यांचं डोकं!" मुलगी जवळ आली, तिने फोटोवर बोट ठेवलं आणि निकाल दिला, "झाडूसारखे." आणि मग त्याला नीट न्याहाळत, फार पुढचं काहीतरी ठरवत असल्यासारखी म्हणाली, "मी लांब वाढवणार. एवढे." तिने वाटी गुडघ्याशी नेऊन दाखवली. "वाढव की," तो म्हणाला, "तुझे वडील कसे आहेत?" "त्यांना आहेत केस." "मग काही काळजीच नाही."

सहावी शिट्टी झाली आणि तिच्यामागोमाग सिस्टर आली. "टोपी!" ती ओरडली. त्याने टोपी घातली, उलटी. सिस्टर त्याला आणखी काही सुनावणार होती, पण बाईने तिला मध्येच अडवलं. तिने ओट्यावरची पिशवी उचलली आणि स्वतःहून, कोणी विचारलेलं नसताना, सिस्टरच्या हातात ठेवली. "सिस्टर, हे मी काल तिला दिलंय. दहा दाणे, शिजवून. तुम्हाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगा." सिस्टरने चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग तिने त्या तिघांना, कुकरसकट, ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. उलटी झाली का, पोट दुखलं का, ताप आला का. नाही, नाही, नाही. तरी आज पुन्हा रक्त तपासू, डॉक्टर ओरडतील, मी तर ओरडतेच आहे. आणि तुम्ही, भाजीवर असली चिठ्ठी लावतं का कोणी? तुमच्या वरिष्ठांचा नंबर द्या. त्याने दिला. मॅडम आता दारावरचा नियम बदलतील, बाहेरचं वाटप बंद होईल, शिंकणारी बाई रविवारी दुसरं काहीतरी खाईल. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटत होतं, क्षार घालून घालून एकदाचा ढग उतरल्यावर वाटतं तसं. मुलीने वाटी पुढे केली. "मग मी हे खायचं का नाही?" सिस्टरने झाकणाकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, सुस्कारा टाकला. "आहारवाल्या बाईंना विचारते. शिजवलेलं आहे, गरम आहे, ह्यांच्या पिशवीतल्या घेवड्याऐवजी दुकानातला असेल तर त्या हो म्हणतील बहुतेक. तुझ्या आईने रोज ताजं करून द्यायचं. पण तुला खाऊ वाटतंय का?" "अजून मीठ पाहिजे," मुलगी म्हणाली.

बाईने सगळ्याला मान हलवली. मग एकदम तिला आठवलं की अजून कोणी कोणाची ओळखच करून दिलेली नाही, आणि पाहुणे आल्यावर सांगतात तशी ती पदर सारखा करत सिस्टरकडे वळली. "ह्यांनाही झाला होता बरं का, सिस्टर. हिच्याएवढे असताना. आणि आता बघा, चाळीस वर्षांचे आहेत, टक्कल पडलंय." 'टक्कल पडलंय' हे तिने, लोक आपला मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे असं सांगतात, त्या आवाजात सांगितलं. मग तिने पोरीच्या रुमालावरून हात फिरवला आणि स्वतःशीच पुन्हा म्हटलं, "चाळीस." तिने तो आकडा तोंडात घोळवून पाहिला, जरा थांबली, आणि तो मोडत नाहीये असं दिसल्यावर आणखी एकदा म्हणाली.

तो एकोणचाळीसचा होता. आज त्याने खरं तेवढंच बोलायचं ठरवलं होतं, पण ते एक वर्ष त्याने तिच्याकडे राहू दिलं.